नाण्याएवढा सेल
(बुद्ध पौर्णिमेनिमित्त केलेले भाषण)



आता बुद्धमूर्तीपुढेही सेलवरचे दिवे लागतात. त्यातला नाण्याएवढा चपटा सेल लहान मूल सहज गिळते. तो अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे वीज वाहते, तीव्र क्षार तयार होतो आणि २ तासांतच अन्ननलिका गंभीर भाजू शकते. उतरलेला सेलही घातकच.

लाळ गळते, गिळवत नाही. कधी काहीच दिसत नाही. "शौचावाटे पडेल" म्हणून थांबू नये. वांती करवू नये. नांदेडकरांनी विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय, लातूरकरांनी विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था तातडीने गाठून एक्स-रे काढावा.

अशा सेलचे झाकण मुलांना उघडता येऊ नये, असा कायदा अमेरिकेने २०२२ साली केला. आम्ही म्हणतो, आपल्या घरचा कायदा आपणच करू : झाकणाला स्क्रू हवा, जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळलेला हवा. तथागतांनी शिकवलेला अप्रमाद तो हाच.

नमो बुद्धाय, जयभीम!