चांदीपुरा ताप : हाताशी असलेले थोडे तास
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शाळेत शिकविणारा शिक्षक आहे. तरीही आज मी एका तापाविषयी बोलणार आहे. कारण हा ताप प्रामुख्याने पंधरा वर्षांखालील मुलांना गाठतो. आपल्या वर्गात बसलेली मुले आणि अजून शाळेत यायची असलेली त्यांची धाकटी भावंडे, हीच त्या वयाची आहेत. शिवाय या तापाला आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाचे नाव मिळालेले आहे.

१९६५ साली नागपूर भागात डेंग्यू आणि चिकनगुनियाची साथ चालू होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रुग्णांचे रक्त तपासत असता, चांदीपुरा येथील दोन रुग्णांच्या रक्तात त्यांना एक निराळाच विषाणू आढळला. भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली व त्याला त्या गावाचे नाव दिले. पुढे हाच विषाणू वाळूमाशीच्या अंगात मिळाला, तोही आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हाही आहे आणि त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो.

ज्यांच्या रक्तात तो प्रथम सापडला, त्यांना साधा ताप होता. त्यामुळे बरीच वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग २००३ साल उजाडले. त्या वर्षी जून ते ऑगस्ट या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यांपैकी १८३ मुले दगावली. करीमनगर आणि वरंगळ हे जिल्हे आज तेलंगणात आहेत. तेथे या साथीचा जोर अधिक होता. महाराष्ट्रातही त्याच वर्षी रुग्ण आढळले. आपल्या तालुक्याची सीमा आदिलाबाद जिल्ह्याला लागून आहे. बाजार, मजुरी, सोयरीक यांसाठी आपले तिकडे रोजचे येणे-जाणे आहे. तेव्हा ही दूरदेशीची गोष्ट समजू नये. अलीकडे २०२४ साली गुजरातेत पुन्हा मोठी साथ आली. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली व त्यांत ८२ मृत्यू झाले; यांपैकी ६४ जणांना चांदीपुराची लागण झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले.

पालकहो, या रोगाचे खरे भय त्याच्या वेगात आहे. सकाळी खेळणाऱ्या मुलाला एकाएकी जोराचा ताप चढतो, उलट्या होतात, झटके येतात, मूल गुंगीत जाते आणि हाका मारल्या तरी ओ देत नाही. २००३ साली दगावलेली बहुतेक मुले दवाखान्यात आणल्यापासून चोवीस तासांच्या आत गेली. या विषाणूवर खास औषध नाही, लसही नाही. मग दवाखान्यात जाऊन उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. झटके थांबविणे, मेंदूची सूज आटोक्यात ठेवणे, श्वासाला आधार देणे हे काम दवाखान्यातच होते, आणि लवकर झाले तर मूल वाचू शकते.

म्हणून "तापच तर आहे, सकाळी बघू" हे वाक्य पावसाळ्यात तरी आपल्या घरातून हद्दपार करा. झटका आला की कांदा हुंगविणे, दातात चमचा घालणे, तोंडात पाणी ओतणे हे प्रकार करू नका. मुलाला कुशीवर वळवा आणि निघा. १०८ क्रमांकाला फोन करा. गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय आपल्या जवळ आहे. नांदेड शंभर किलोमीटरहून दूर आहे. गावात घालविलेला प्रत्येक तास त्या प्रवासातून वजा होतो. दुआ अवश्य करा, पण ती वाटेत गाडीत बसूनही करता येते. आधी दम करवून आणू, मग दवाखाना, असा क्रम लावू नका. मनाने ॲस्पिरिनची गोळीही मुलाला देऊ नका.

आता वाळूमाशीविषयी. डास म्हटले की आपण साचलेले पाणी ओततो, ते योग्यच आहे. परंतु वाळूमाशी पाण्यात वाढत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याची ओलसर जमीन, शेण-कचऱ्याचे ढीग ही तिची घरे. ती दोन-तीन मिलिमीटरची असते, बसताना पंख उभे ठेवते, तिचा आवाज होत नाही. ती फार लांब उडत नाही, उड्या मारीत सरकते, आणि संध्याकाळनंतर चावते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातूनही ती आत शिरू शकते. तेव्हा बारीक जाळीची किंवा औषध लावलेली मच्छरदाणी वापरावी, मुलांना जमिनीवर न निजविता खाटेवर निजवावे, अंगभर कपडे घालावेत. भिंतींच्या भेगा पावसाळ्याआधी लिंपून घ्याव्यात, उकिरडा घरापासून दूर न्यावा. आरोग्य कर्मचारी फवारणीला आले की "भांडी हलवायला वेळ नाही" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक काम सोपवितो. आज घरी गेल्यावर निजण्याच्या खोलीतील भेगा मोजा आणि वडिलांना दाखवा. आईला झटक्याची खूण आणि १०८ हा क्रमांक पाठ करवा. शाळेत शिकलेले घरापर्यंत पोचले, तरच त्या शिक्षणाचा उपयोग झाला असे मी मानतो.