भोकाचं माप गिट्टीला विचारा

आम्ही नायगावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे ड्रिल मशीनचा. गटात मिळून एक मशीन घेतली, तर मांडणी, फळी, पडद्याची दांडी यासाठी मिस्त्रीची वाट बघावी लागत नाही. मशीन चालवणं अवघड नाही. खरी गोम आहे बिटाच्या मापात. भोक मोठं झालं की गिट्टी आतल्या आत फिरते, स्क्रू ढिला पडतो आणि भांड्यांनी भरलेली मांडणी एक दिवस खाली येते. तिच्या खालीच आपली लेकरं जेवायला बसलेली असतात.

पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत स्क्रूला धरून ठेवते ती गिट्टी. स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भोकात घट्ट बसते. म्हणून भोक स्क्रूच्या नाही, गिट्टीच्या मापाचं पाडायचं. 6 मिलिमीटरच्या गिट्टीला 6 चं बिट, 8 च्या गिट्टीला 8 चं. घड्याळ, फोटो यांना 6 ची गिट्टी पुरते. भांड्यांच्या मांडणीला 8 किंवा 10 ची घ्या. भोक गिट्टीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त खोल ठेवा. त्यासाठी बिटावर चिकटपट्टीची खूण करा. गिट्टी नुसत्या गिलाव्यात अडकू नये, विटेत गेली पाहिजे.

दुकानात कधी सुतात माप सांगतात. 8 सूत म्हणजे 1 इंच. म्हणजे दोन सूत हे 6 मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त भरतं, आणि 6 ची गिट्टी त्यात सैल बसते. म्हणून बिट मिलिमीटरमध्येच मागा.

मातीच्या भिंतीत गिट्टी टिकत नाही. तिथं जड मांडणी टांगू नका, जमिनीवर उभी करा.

लाकडात गिट्टी लागत नाही. तिथं भोक स्क्रूपेक्षा बारीक हवं, म्हणजे आटे लाकडात रुततात. 4 मिलिमीटरच्या स्क्रूला मऊ लाकडात अडीचचं, सागवान-बाभळीत 3 चं बिट लावा. लोखंडाला नटबोल्ट लावायचा असेल तर भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं हवं. 6 च्या बोल्टला साडेसहाचं. आधी पंचानं खूण करा, 3 च्या बिटानं बारीक भोक पाडा, दोन थेंब तेल सोडा, मग मोठं बिट लावा. भिंतीचं, लाकडाचं आणि लोखंडाचं बिट वेगवेगळं असतं. मशीनचा हातोडा फक्त विटेला आणि काँक्रीटला चालू करायचा. लाकूड, लोखंड आणि फरशी यांना बंद.

काही घरांत म्हणतात, हे बायांचं काम नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. नंतर लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात घरं मजबूत करायचं काम निघालं. दगडी भिंतीला आरपार भोक पाडून त्यात गज आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या जातात. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया तेव्हा संवाद सहायक झाल्या आणि घरबांधणीची माहिती त्यांनी लोकांपर्यंत नेली. मग आपल्या मांडणीचं भोक आपण का पाडू नये?

आता जपायच्या गोष्टी. बटणाच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते. पदर खोचा, वेणी वर बांधा, बांगड्या काढून ठेवा. हातमोजे घालू नका, ते बिटात गुंडाळतात. डोळ्याला चष्मा लावा. बिट बदलताना आधी पिन काढा.

बाजारात गेलात की गिट्टी आणि बिट शेजारी धरून बघा. दोन्हींची जाडी सारखी पाहिजे. भोकात गिट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यानं गेली, तर माप बरोबर. बोटानं ढकलताच आत गेली, तर त्यावर मांडणी टांगू नका. एक माप मोठी गिट्टी आणा, तिच्या मापाचं बिट लावून भोक नीट करा, आणि मगच भांडी चढवा.