परसातला उन्हाळा



ज्या व्यासपीठावर राज्यकारभाराची नि तत्त्वज्ञानाची चर्चा व्हावयाची, तेथे भेंडी-दोडक्यांची टोपली घेऊन येणाऱ्या वक्त्याकडे आपण थोडे मिस्किलपणे पाहाल, हे आम्ही गृहीतच धरले आहे. परंतु सभा संपल्यावर वक्ते आणि श्रोते दोघेही पानावरच बसणार. तेव्हा त्या पानावर काय पडते आणि ते कोठून येते, याचा विचार अस्थानी ठरू नये.

उन्हाळा म्हणजे बागेचा भाकड काळ, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः माघात बी टाकले आणि पाण्याची हेळसांड केली नाही, तर चैत्र-वैशाखात परस भरून जातो. भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, पडवळ, कुंपणावर चढलेला मायाळू, शिवाय दारचा आंबा असेल तर कैऱ्या. उन्हाने माणूस कोमेजतो, पण ही मंडळी उन्हावरच वाढतात.

बाजारातून भाजी आणताना बेत आधी ठरतो आणि पिशवी मागाहून भरते. परसात याच्या अगदी उलट. भेंडीचे फूल सकाळी उमलते, त्याच दिवशी मिटते, आणि पुढे पाच-सहा दिवसांत शेंग तोडण्याजोगी होते. आणखी तीन-चार दिवस तिच्याकडे दुर्लक्ष करा, की तिचे लाकूड झालेच म्हणून समजा! आणि नुकसान एका शेंगेवर थांबत नाही. झाडावर शेंगा जून झाल्या की झाड बी पोसण्याच्या मागे लागते व नवी फुले कमी धरते. म्हणून परसात रोज एक फेरी हवी, आणि आज काय शिजवायचे हे त्या फेरीत ठरावे. तोडलेली शेंगही श्वास घेतच असते. तिच्यातले पाणी उडते, गोडी घटते. फ्रिजमध्ये ठेवल्याने हा ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. तोडणी आणि फोडणी यांच्यातले अंतर कमी करणे, हीच परसबागेची खरी श्रीमंती होय.

इतक्या ताज्या भाजीला मसाल्याचे ओझे कशाला? भेंडी धुऊन, कोरडी पुसून मगच चिरावी. परतताना दोन आमसुले टाकली की तार कमी होते. कोवळ्या गवारीला ओव्याची फोडणी, थोडा गूळ आणि दाण्याचे कूट पुरे. पडवळाला पीठ पेरावे. काकडी चोचवून कोशिंबीर करावी, पण दही-मीठ अगदी पाने वाढताना घालावे, नाहीतर वाटीत पाणीच पाणी! दोडक्याच्या शिरा टाकू नयेत. बारीक चिरून तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत परताव्या, त्यांत भाजलेले तीळ, सुके खोबरे, तिखट-मीठ मिसळावे. ही चटणी झाली की मूळ भाजीकडे कोणी वळत नाही, असा अनुभव आहे.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. दुधी चिरताना लहानशी फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर तो दुधी, घरचा असला तरी, टाकून द्यावा. तो कडूपणा शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत. घरच्या वस्तूची माया येथे उपयोगाची नाही.

वेल एकदा धरला की घरच्यांना पुरून उरते. त्यातले काही वाळवणात जाते: मिरच्या भरून, ताकात-मिठात भिजवून उन्हात घातल्या की पावसाळ्याची सोय होते. पण सारे वाळवून ठेवू नये. दुधी एकट्याने संपत नाही, म्हणून तो अर्धा शेजारी जातो. शेजारून कैरीची डाळ येते. वाड्यांतून हे सहज चाले. वाडे गेले, परस गेले, आणि जिन्यासमोरच्या बिऱ्हाडाचे नावही ठाऊक नसण्याची पाळी आली. परसाबरोबर आपण भाजीपेक्षा मोठे काही गमावले, असे आम्हांस वाटते.

"जागा कोठे आणि पाणी कोठे?" हा आपला प्रश्न रास्त आहे. टंचाईच्या दिवसांत नळ सोडून बाग भिजवावी, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तांदूळ-डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी रोज मोरीतच जाते ना? तेवढ्यावर गॅलरीतल्या चार कुंड्या निभावतात: दोन भेंडीच्या, एक मिरचीची, एक मायाळूची. आळ्यात पालापाचोळा पसरला की ओल टिकते. चार कुंड्यांत घर चालणार नाही, हे उघड आहे. पण आठवड्यातून एकदा, मायाळूच्या पानांची का होईना, हातची भजी होतील. ती तळताना चार जास्त तळावी आणि समोरचे दार वाजवावे, एवढीच आमची विनंती आहे.