नाव नसलेल्यांचं गाणं

आज ऐकूया अमेरिकन गीतकार वुडी गथ्री यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १९१२ सालचा, ओक्लाहोमा राज्यातला.
१९३०च्या दशकात तिकडे धुळीची वादळं उठली.
शेतं उजाड झाली.
माणसं कॅलिफोर्नियाकडे निघाली.
गथ्रीही निघाले.
याच माणसांची गाणी त्यांनी लिहिली.

१९४८ साली कॅलिफोर्नियात एक विमान कोसळलं.
त्यात होते मेक्सिकोला परत पाठवले जाणारे शेतमजूर.
अनेक बातम्यांत वैमानिकांची नावं आली.
मजुरांची नाहीत!

गथ्रींना हे फार लागलं.
त्यांनी गाणं लिहिलं.
ज्यांची नावं गाळली,
त्यांना गाण्यात नावं दिली.
माझ्या मते, हे त्यांचं सर्वांत धारदार गाणं.

१९६७ साली गथ्री गेले.
आणि २०१३ साली, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराच्या दफनभूमीत,
मजुरांची खरी नावं दगडावर कोरली गेली.