खडू बाईच्या हातात हवा
(बिबवेवाडीतील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



ओटा योजनेत मुळात नुसतं जोतं मिळायचं, वरचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. अप्पर इंदिरानगरात तुम्ही हे पाहिलंच आहे. आता तुमच्यापैकी काहीजणी घर पुन्हा बांधायचं म्हणताहात. जागा तिरकी, एक कोपरा निमुळता, तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. नकाशा कोण ठरवतं? नवरा, दीर आणि गवंडी. दिवसभर त्या घरात राबणारीला कोणी विचारत नाही.

येरवड्याच्या वस्त्यांत विचारलं गेलं. २००५ साली सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून तिथं आहे त्याच जागी घरं बांधली गेली, प्रत्येकी २७० चौरस फुटांची. घरोघरी जाऊन मोजणी केली ती महिला मिलनच्या बायकांनी. ज्यांची जागा फार लहान होती, त्यांची घरं वर चढवली.

वर चढायचं म्हणजे जिना आला. नऊ फूट उंचीला चौदा-पंधरा पायऱ्या लागतात. अडीच फूट रुंदीचा सरळ जिना धरला, तर जवळजवळ तीस चौरस फूट गेले. खाली १३५ चौरस फुटांची खोली असेल तर तिचा पाचवा हिस्सा! म्हणून जिना आधी ठरवा. त्याच्या उंच टोकाखाली मोरी बसते. माथ्यावर झरोका ठेवलात तर उजेड येतो, स्वयंपाकाची वाफ वर निघून जाते. निमुळत्या कोपऱ्यात पिंप आणि फडताळ मावतं.

हे कागदावर कळत नाही. १९८६ साली भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांना घेऊन महिला मिलन उभं राहिलं. पूर्ण मापाचं नमुन्याचं घर उभारून, त्यात वावरून पाहायची त्यांची रीत. आपणही जमिनीवर खडूनं घर आखू. भाकरी कुठं थापणार, पाणी कुठून आणणार, सासूबाईंचं अंथरूण कुठं, मुलगी कपडे कुठं बदलणार, हे त्यात उभं राहून, बसून पाहू. मगच गवंड्याला बोलवू.

शेवटचं. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेनं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं, असं म्हटलं आहे. अनुदान घ्या अगर न घ्या, कागदावर आपलं नाव आहे का ते आधी बघा. नाहीतर उद्या भांडण झालं की आपणच आखलेल्या घरातून आपल्यालाच बाहेर काढतील.