ग्रंथालय पाड्यापर्यंत



विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. डहाणू त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. एकाच जिल्ह्यात शहरी ग्रंथसंग्रह वाढत होता, तेव्हा पाड्यावरील वारल्याच्या पुढे कागद येई तो बहुधा सावकाराचा, अंगठा उठविण्यापुरता. त्या वेठबिगारीविरुद्धच्या १९४५ च्या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली. त्यास १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. ज्यांची ही हकिकत, त्यांच्या नातवंडांना तो ग्रंथ स्वतःच्या गावात वाचावयास मिळतो काय, हा प्रश्न दौऱ्यात माझी पाठ सोडीत नाही.

आपला सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. लोकांनी संस्था काढावी व शासनाने अनुदान द्यावे, असा त्याचा रोख आहे. जेथे वर्गणीदार आहेत तेथे हे उत्तम चालते. परंतु भाताची झोडणी आटोपताच जेथील कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तेथे वर्गणी कोणी भरावी? अशा ठिकाणी आरंभ पंचायतीनेच केला पाहिजे. ग्रंथालय व वाचनालय चालविणे हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीतील कामांपैकी एक आहे, याचे स्मरण देतो.

इमारतीची वाट पाहू नये. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले कार्य १९५७ साली कोसबाडला आणले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. बडोद्यासही सयाजीराव महाराजांच्या काळी ग्रंथांच्या पेट्या गावोगाव फिरत. तलासरीच्या पाड्यांवर अशी पेटी का फिरू नये? बोली वारली, पुस्तक मराठी. म्हणून प्रारंभी कोणी तरी मोठ्याने वाचून, बोलीत समजावून सांगावे लागेल. हे काम शिकलेली मुलगी गुरुजींपेक्षाही सरस करील, असे माझे मत आहे. (गुरुजींनी राग मानू नये.)

एक व्यावहारिक गोष्ट. पुस्तक हरवल्यास भरपाई आपल्याकडून होईल, या भीतीने पुष्कळ पुस्तके कपाटातच राहतात. तेव्हा वापरात फाटलेली वा गहाळ झालेली पुस्तके दरवर्षी निर्लेखित करण्याचा ठराव पंचायतीने पेटी आणण्यापूर्वीच करून ठेवावा, आणि पेटीची किल्ली पाड्यावर राहणाऱ्याच माणसाकडे द्यावी.