फरशीचा अडकित्ता

(अमरावती आणि अकोल्याच्या गटांच्या एकत्र बैठकीतील भाषण)



अकोल्याच्या आपल्या एका मैत्रिणीच्या घरी व्हिनाइलच्या फळ्यांची जमीन आपणच बसवणार आहोत. फळ्या येऊन पडल्या आहेत. कापायचं हत्यार बघायचं काम माझ्याकडे दिलं होतं, त्याबद्दल बोलते.

अमरावतीच्या एका दुकानात गेले, तर उत्तर मिळालं, "ताई, मिस्त्रीला पाठवा, त्यांना समजते." या वाक्याशी आपली जुनी ओळख आहे. आपल्या वऱ्हाडात कुठल्याही बांधकामावर बाई असतेच. विटा, रेती, घमेलं तिच्या डोक्यावर. थापी, ओळंबा आणि कटर मिस्त्रीच्या हातात. १९७६ च्या कायद्याने समान कामाला समान मजुरी सांगितली, आता वेतन संहितेतही ती तरतूद आहे. पण हत्यारच हाती येत नसेल तर काम समान होणार कधी? रेजा वर्षानुवर्षं रेजाच राहते.

विजेचा ग्राइंडर मी आधीच बाजूला ठेवला. बंद खोलीत त्याचा धुरळा नाकातोंडात जातो, आणि वीज गेली की बसा हात जोडून. उरतात दोन गोष्टी. एक, धारदार सुरी आणि पोलादी पट्टी: फळीच्या वरच्या बाजूने दोन-तीनदा खोल रेघ ओढायची आणि फळी मोडायची. पातळ फळीला हे पुरतं. पण आपल्या फळ्या दगडाची भुकटी घातलेल्या, कडक आहेत. पन्नासाव्या फळीला मनगट बोलू लागेल.

दुसरा, लांब दांड्याचा कटर. हा म्हणजे मोठा अडकित्ताच, आपला सरोता. सुपारी काही मनगटाच्या जोरावर फुटत नाही. ती बिजागरीजवळ धरलेली असते आणि दांडा लांब असतो, म्हणून फुटते. "बाईच्या हातात जोर नाही" म्हणणाऱ्यांच्या आजीने आयुष्यभर सुपारी कातरली असेल.

घेताना फळीची रुंदी आणि जाडी मोजून न्या. पातं त्याला पुरलं पाहिजे. मूठ आपल्या पकडीत बसते का बघा, कारण ही हत्यारं बहुधा पुरुषाच्या पंजाच्या मापाने घडवलेली असतात. कटर जमिनीवर ठेवून दाबा. अंगाचा भार दांड्यावर यायला हवा, आणि बूड हलता कामा नये. सुटं पातं गावात मिळतं का, तेही विचारा. मी आपल्या फळीचा तुकडा बरोबर नेला होता. दुकानदार कुरकुरले, पण कापू दिला. कड साफ आली.

मात्र फळी लांबीत चिरायची असेल किंवा चौकटीपाशी कोपरा काढायचा असेल, तर हा कटर उपयोगाचा नाही. तिथे सुरीच लागते. तेव्हा दोन्ही घ्या.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उष्णतेने व्हिनाइल पसरतं. एकमेकींत अडकवायच्या या फळ्या भिंतीला भिडवल्या तर मधोमध उचलतील. म्हणून कडेने साधारण ६ ते ८ मिलिमीटर फट ठेवायची. खोक्यावर नेमका आकडा असतो, तो पाळा. फट वरच्या पट्टीखाली झाकली जाते, त्यामुळे भिंतीकडचा काप केसभर वाकडा गेला तरी चालतो.

कटर वर्गणीतून घ्यावा आणि गटाच्या नावावर ठेवावा, असं माझं म्हणणं आहे. पुढे बडनेऱ्याच्या घरालाही लागेल. आपल्यातल्या ज्या बांधकामावर रेजा म्हणून जातात, त्यांनी पहिल्या दिवशी दांडा धरावा. फळ्या आम्ही बाकीच्या उचलू. येताना जाड हातमोजे आणा, आणि पोलादी पट्टी कुणाकडे असेल तर आजच सांगा.